परदेशात जाणारे मेक्सिकन शेतमजूर: करार चांगला, मग फसगत कुठे?

ऐरोलीकर:
वाशी मार्केटमधल्या माथाडींच्या अभ्यासवर्गासाठी हवं आहे. अमेरिका-कॅनडात हंगामी शेतीकामाला जाणाऱ्या मेक्सिकन मजुरांना राहायला घर मिळतं, प्रवासखर्च मालक देतो, असं कागदावर दिसतं. मग माणूस अडकतो कुठे?

कोपरी_ठाणे:
अमेरिकेचं आधी सांगतो. एच-टू-ए व्हिसावर, म्हणजे हंगामी शेतमजुरांच्या व्हिसावर, करारातल्या तीन चतुर्थांश तासांची हमी असते. २० आठवडे, आठवड्याला ४० तास म्हणजे ८००; काम निघो न निघो, ६०० तासांचा पगार द्यावाच लागतो. येण्याचं भाडं निम्मा करार झाल्यावर मिळतं, परतीचं करार पुरा केल्यावर. मध्येच सोडून गेलं की हमीही गेली आणि परतीचं भाडंही. भरतीसाठी मजुराकडून पैसे घ्यायला बंदी आहे, तरी गावाकडचे दलाल घेतात. ते कर्ज डोक्यावर असलं की माणूस अपमान गिळून हंगाम काढतो.

खरी चोरी तासांत होते. तोडणीची मजुरी पेटीमागे असेल आणि पगाराच्या मुदतीतली एकूण कमाई तासाच्या किमान दराने होणाऱ्या रकमेपेक्षा कमी भरली, तर फरक मालकाने द्यायचा. मग मुकादम १० तासांचे ७ लिहितो आणि फरक कागदावर उरतच नाही. म्हणून स्वतःची वही हवी: कामाला लागल्याची वेळ, जेवणाची सुट्टी, सुटल्याची वेळ, पेट्या. रोजच्या रोज.

कळवा_नाका:
पेटीमागे पैसे असले की लोक पाणी प्यायलाही थांबत नाहीत, आणि उष्माघात तिथेच होतो. कॅलिफोर्नियाच्या नियमात माणशी तासाला साधारण एक लिटर पाणी आहे, २७ अंशांपुढे सावली सक्तीची. नवा माणूस पहिले १४ दिवस नजरेखाली ठेवायचा. तंबाखूच्या शेतात वेगळाच धोका: ओल्या पानांतलं निकोटिन कातडीतून शरीरात जातं, उलट्या आणि चक्कर येते. दव वाळेपर्यंत रेनकोट घालायचा, भिजलेले कपडे लगेच बदलायचे.

घणसोली_७:
कॅनडाच्या हंगामी शेतमजूर योजनेत मेक्सिको १९७४ पासून आहे. जास्तीत जास्त ८ महिने काम, १५ डिसेंबरपर्यंत परत. कामाचा परवाना एकाच मालकाच्या नावाचा, आणि पुढच्या वर्षी कोणाला बोलवायचं ते मालक नाव देऊन कळवू शकतो. तक्रार केली की यादीतून नाव गळायची भीती. २०१९ पासून छळ झालेल्याला खुला परवाना (दुसऱ्या मालकाकडेही काम करता येईल असा) मागता येतो, पण फोटो, मेसेज, पगाराच्या पावत्या जपलेल्या हव्यात.

अभ्यासवर्गात हेच मांडा. १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे माथाडीची नोंदणी माथाडी मंडळाकडे होते, मजुरीही मंडळात जमा होते. एका व्यापाऱ्याशी बिनसलं म्हणून त्याची नोंदणी जात नाही. मेक्सिकन मजुराचा परवाना मात्र मालकालाच बांधलेला आहे, आणि बाकी सगळी दुखणी तिथूनच निघतात.

ऐरोलीकर:
आभार. ठाण्यातून कोणी या कॅनडाच्या योजनेत जाऊ शकतो का?

घणसोली_७:
नाही. ती फक्त मेक्सिको आणि कॅरिबियन देशांसाठी आहे. या योजनेच्या नावाने कोणी एजंट पैसे मागत असेल, तर एक रुपयाही देऊ नका. दुसऱ्या कुठल्या कामासाठी एजंट गाठायचा असेल, तर आधी केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचा परवाना तपासा.