मदत हवी आहे: करारनाम्यातल्या बाहेर पडण्याच्या अटी

बांधकाम सुरू असलेल्या पुण्यातल्या प्रकल्पात गुंतवणूक म्हणून फ्लॅट घ्यायचा आहे. करारनाम्याचा मसुदा हातात आहे, नोंदणी व्हायची आहे. तोपर्यंत किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, म्हणून दुरुस्त्या करून घ्यायची वेळ आत्ताच आहे.

खरी अडचण कर्जाची. मसुद्यात "कोणत्याही कारणाने खरेदीदाराने माघार घेतल्यास 10 टक्के जप्त" असं लिहिलंय. त्यात बँकेने कर्ज नाकारणंही येतं, आणि बँक कधीकधी प्रकल्पाच्या टायटलमुळेच (जमिनीच्या मालकी हक्कातल्या अडचणीमुळे) नकार देते! अशा वेळी नकाराचं लेखी पत्र दिल्यावर 30 दिवसांत पूर्ण परतावा, अशी अट हवी आहे. बिल्डरच्या वकिलाने मान्य केलेली शब्दरचना कुणाकडे आहे का?

ताबा लांबला तर रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम 18 खाली व्याजासह परतावा मिळतो. पण मसुद्यात "नैसर्गिक आपत्ती" या व्याख्येत मजूरटंचाई आणि परवानगीतला विलंबही घातलाय. तो काढायला सांगणारच आहे.

दुसरं, मुद्रांक शुल्काचा इन्व्हेस्टर क्लॉज. तीन वर्षांत पुढे विकल्यास भरलेलं शुल्क पुढच्या दस्तात वजा होतं, पण खरेदीदार गुंतवणूकदार असल्याचा उल्लेख करारनाम्यात असावा लागतो. तो असताना ताब्याआधी विकायला बिल्डरची एनओसी (ना हरकत पत्र) आणि ट्रान्सफर फी किती, हे आकड्यात कसं बांधून घेतलंत? "त्या वेळी लागू दराने" हे शब्द फार महागात पडतात.