अध्यापनातून राज्याच्या राजकारणात: स्थलांतरित शिक्षकाला हा मार्ग कितपत खुला आहे?

प्रश्न

मी व्हर्जिनियात राहते आणि गेली सतरा वर्षे एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या सरकारी महाविद्यालयात, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना लेखन शिकवते. माझे बालपण आणि पदवीपर्यंतचे शिक्षण महाराष्ट्रात झाले. अमेरिकेचे नागरिकत्व घेऊन मला सहा वर्षे झाली आहेत. १७ जानेवारी २०२६ रोजी गझाला हाशमी यांनी आमच्या राज्याच्या लेफ्टनंट गव्हर्नरपदाची, म्हणजे गव्हर्नरनंतरच्या दुसऱ्या पदाची, शपथ घेतली, तेव्हापासून एक विचार मनातून जात नाही. त्याही भारतात, हैदराबादेत, जन्मलेल्या, त्याही इंग्रजीच्या प्राध्यापिका आणि त्यांनीही आयुष्यातला मोठा काळ कम्युनिटी कॉलेजात घालवलेला.

माझ्या वर्गातले बरेच विद्यार्थी रात्रपाळी करून सकाळी येतात. सत्राच्या मध्यावर जे गळतात, ते अभ्यास जमला नाही म्हणून क्वचितच गळतात. बहुतेकदा गाडी बिघडलेली असते, मुलाला सांभाळायला कोणी नसते किंवा कामाची पाळी बदललेली असते. या गोष्टींचे निर्णय माझ्या वर्गात होत नाहीत, ते राज्याच्या राजधानीत, रिचमंडमध्ये होतात, हे मला फार उशिरा कळले. म्हणून विचारते: परदेशात जन्मलेल्या व्यक्तीवर कायद्याने कोणती बंधने आहेत? विधिमंडळाआधी स्थानिक पातळीवर काम केलेले असावेच लागते का? आणि अध्यापनाचा अनुभव तिथे खरोखर उपयोगी पडतो, की तो प्रचारपत्रकावर छापण्यापुरताच असतो?

प्रतिसाद १

कायद्याचा भाग सोपा आहे, म्हणून तो आधी सांगतो. जन्माने नागरिक असण्याची अट केवळ राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष यांच्यासाठी आहे. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाच्या उमेदवाराचे वय किमान २१ असावे, निवडणुकीपूर्वी एक वर्ष त्याचे वास्तव्य राज्यात असावे, तो मतदानास पात्र असावा आणि ज्या मतदारसंघातून उभा राहतो तिथे राहत असावा. नागरिकत्व केव्हा मिळाले हा प्रश्न त्यात येत नाही, त्यामुळे आपण आजही पात्र आहात.

हाशमी यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण त्यांच्या यशाची गोष्ट फार सरळ करून सांगितली जाते. त्या चार वर्षांच्या असताना कुटुंबासह अमेरिकेत आल्या आणि जॉर्जियातील स्टेट्सबरो या लहान गावात वाढल्या. त्यांचे वडील तिथल्या विद्यापीठात राज्यशास्त्राचे प्राध्यापक होते. एमरी विद्यापीठातून अमेरिकन साहित्यात डॉक्टरेट घेऊन त्या १९९१ मध्ये रिचमंड परिसरात आल्या आणि पुढची जवळजवळ तीस वर्षे त्यांनी अध्यापन केले, त्यातली बहुतेक रेनॉल्ड्स कम्युनिटी कॉलेजात. २०१९ पूर्वी त्यांनी एकही निवडणूक लढवली नव्हती. जानेवारी २०१७ मध्ये काही मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांवर प्रवेशबंदी घालणारा आदेश निघाला, तेव्हा आपण या देशात खरोखर स्वीकारलेले आहोत का, असा प्रश्न आपल्याला पडला आणि त्यातूनच उमेदवारीचा विचार पुढे आला, असे त्यांनी अनेकदा सांगितले आहे.

पहिल्याच निवडणुकीत त्यांनी विद्यमान रिपब्लिकन सिनेटरचा पराभव केला आणि त्या व्हर्जिनियाच्या सिनेटमधील पहिल्या मुस्लिम व पहिल्या दक्षिण आशियाई वंशाच्या सदस्या झाल्या. मात्र हा विजय एकट्या व्यक्तीचा नव्हता. रिचमंडभोवतालच्या उपनगरांचा कल तेव्हा बदलत होता आणि त्याच दिवशी त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाला सिनेटमध्ये ४० पैकी २१ जागा मिळून सिनेट आणि प्रतिनिधिगृह या दोन्ही सभागृहांत बहुमत आले. म्हणून आपला मतदारसंघ कोणता, तो कोणत्या दिशेने चालला आहे आणि तिथे सध्या कोण निवडून येतो, याचा अभ्यास उमेदवारीच्या निर्णयाआधी करावा. योग्य वर्षी उभे राहणे हे योग्य उमेदवार असण्याइतकेच महत्त्वाचे असते.

अनुभव उपयोगी पडतो का, याचे उत्तर मी ठामपणे होय असे देईन. मात्र तो भाषणात कमी आणि समितीत अधिक दिसतो. २०२४ पासून हाशमी सिनेटच्या शिक्षण व आरोग्य समितीच्या अध्यक्ष होत्या. त्याच्या आदल्याच वर्षी विधिमंडळाच्या लेखापरीक्षण आयोगाने असे दाखवून दिले होते की व्हर्जिनियातील शाळांना प्रत्येक विद्यार्थ्यामागे मिळणारा निधी देशाच्या सरासरीपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी कमी आहे आणि हा निधी ठरवण्याचे राज्याचे सूत्रच खऱ्या गरजेपेक्षा कमी शिक्षक गृहीत धरते. हे सूत्र वाचताना त्यामागचा वर्ग डोळ्यांसमोर उभा राहणारी व्यक्ती समितीत असली, तर साक्षीला आलेल्या अधिकाऱ्यांना वेगळे प्रश्न विचारले जातात.

प्रतिसाद २

वरील प्रतिसाद उत्तम आहे, पण आपल्यासाठी त्याहून जवळचे एक उदाहरण आहे. स्वाती दांडेकर नागपूरच्या. त्या १९७० च्या दशकात अमेरिकेत आल्या आणि आयोवा राज्यातील मॅरियन या गावी स्थिरावल्या. १९९६ ते २००२ या काळात त्या लिन-मार शाळा विभागाच्या स्कूल बोर्डावर, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळावर, होत्या. २००२ मध्ये त्या आयोवाच्या प्रतिनिधिगृहात आणि २००८ मध्ये राज्य सिनेटवर निवडून आल्या. भारतात जन्मून अमेरिकेतील एखाद्या राज्याच्या विधिमंडळात पोहोचलेल्या सुरुवातीच्या महिलांपैकी त्या एक आहेत. पुढे त्या आशियाई विकास बँकेवर अमेरिकेच्या प्रतिनिधीही होत्या.

विधिमंडळाच्या पहिल्याच निवडणुकीत त्यांच्या प्रतिस्पर्ध्याच्या एका ईमेलमध्ये, भारतात वाढलेल्या व्यक्तीला अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील मूल्ये कशी समजणार, असा प्रश्न उपस्थित केला गेला आणि त्याची देशभर चर्चा झाली. दांडेकर निवडून आल्या. मला यात स्कूल बोर्डाच्या सहा वर्षांचा मोठा वाटा दिसतो. शाळेच्या इमारतीचा खर्च, बसचे मार्ग आणि शिक्षकांची भरती यांवर ज्या बाई आपल्यासमोर बसून बोलल्या आहेत, त्यांच्याविषयी कोणी असे काही लिहिले, तर त्या गावातील लोकांना उत्तर बाहेर शोधावे लागत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की आपण आधी स्कूल बोर्डाचा विचार करावा. व्हर्जिनियात बहुतेक ठिकाणी ही मंडळे निवडणुकीने भरली जातात आणि मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसते. शाळा विभागाच्या स्वतःच्या कर्मचाऱ्याला त्याच विभागाच्या मंडळावर बसता येत नाही, पण आपली नोकरी कॉलेजात असल्यामुळे ती अडचण आपल्याला येऊ नये. शिवाय आपल्याकडे स्कूल बोर्डाला कर बसवण्याचा अधिकार नाही. पैसा काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, पर्यवेक्षक मंडळाकडून आणि राज्याकडून येतो. एक अंदाजपत्रक मंजूर करून घेताना आपल्याला या दोन्ही दारांची नेमकी ओळख होईल.

प्रतिसाद ३

पैशाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. व्हर्जिनियाचे विधिमंडळ अर्धवेळ आहे. सिनेटरचे वार्षिक वेतन दीर्घकाळ १८,००० डॉलर आणि प्रतिनिधींचे १७,६४० डॉलर राहिले आहे. अधिवेशनकाळातील भत्ता वेगळा. न्यू हॅम्पशायरमध्ये तर प्रतिनिधीला दोन वर्षांच्या मुदतीसाठी २०० डॉलर मिळतात. म्हणजे नोकरी टिकवणे भाग आहे आणि अधिवेशन जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी, नेमके आपले सत्र सुरू होताना, भरते: सम वर्षी ६० दिवस, विषम वर्षी ३०, जे सहसा ४६ पर्यंत वाढवले जातात. हे अशक्य नाही. स्कायलर व्हॅनव्हाल्कनबर्ग हे हायस्कूलमध्ये शिकवत असताना २०१७ मध्ये प्रतिनिधिगृहात निवडून आले आणि नंतरही शिकवत राहिले. आता ते सिनेटर आहेत. आपण कॉलेजच्या प्रशासनाशी रजेविषयी आधीच लेखी बोलून घ्यावे, आणि प्रचारासाठी कॉलेजचे ईमेल, खोली किंवा कामाचा वेळ कधीही वापरू नये.

आणखी एक गोष्ट आपल्या मंडळींना हमखास माहीत नसते. व्हर्जिनियात देणगीच्या रकमेवर मर्यादा नाही, पण परदेशी नागरिकाकडून देणगी घेण्यास संघराज्याचा कायदा मनाई करतो आणि ती मनाई राज्य व स्थानिक निवडणुकांनाही लागू आहे. ग्रीन कार्डधारक देणगी देऊ शकतात. एच-१ व्हिसावर असलेला मित्र किंवा पुण्यातला सख्खा भाऊ मात्र एक डॉलरही देऊ शकत नाही, मग त्यांची इच्छा कितीही असो.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. देणगीचा नियम मला खरोखरच माहीत नव्हता आणि माझा भाऊ पहिला चेक आपलाच असेल असे म्हणत होता. एक शंका उरते. माझे वय त्रेपन्न आहे. स्कूल बोर्डावर चार वर्षे घालवून मग विधिमंडळाकडे वळायचे म्हटले तर साठी जवळ येईल. शिवाय माझ्या इंग्रजी उच्चारांवरून मी इथली नाही हे पहिल्याच वाक्यात कळते, आणि अनोळखी माणसाच्या दारात उभे राहण्याची कल्पना मला वर्गात उभे राहण्यापेक्षा फार कठीण वाटते.

प्रतिसाद ४

स्कूल बोर्डाच्या पायरीविषयी मी वरच्या मताशी पूर्ण सहमत नाही. ती चांगली पायरी आहे, पण अनिवार्य नाही, आणि गेल्या काही वर्षांत मंडळांच्या सभांमध्ये जी कटुता आली आहे तिने काही उत्तम शिक्षक राजकारणातूनच दूर गेलेले मी पाहिले आहेत. वयाची चिंता आपण करू नये. हाशमी यांचा जन्म १९६४ चा, म्हणजे पहिल्या विजयाच्या वेळी त्या पंचावन्न वर्षांच्या होत्या. २०२५ च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत, त्या सहा उमेदवारांमध्ये एकूण मतांच्या एक तृतीयांशही मते न मिळवता, पण सर्वाधिक मते मिळवून पुढे गेल्या आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत राज्यव्यापी पदावर निवडून आलेल्या पहिल्या मुस्लिम महिला ठरल्या.

उच्चारांविषयी मी स्वतःच्या अनुभवावरून लिहितो. मी तीन निवडणुकांत दुसऱ्यांसाठी दारोदार फिरलो आहे. दार उघडणारा माणूस पहिली दहा सेकंद आपले उच्चार ऐकतो, त्यानंतर आपण त्याचे ऐकतो आहोत की नाही हे पाहतो. सतरा वर्षे विद्यार्थ्याचा अर्धवट निबंध वाचून त्याला नेमके काय म्हणायचे आहे हे शोधून काढणाऱ्या व्यक्तीला हे शिकवावे लागत नाही.

दोन्ही सभागृहांची पुढची निवडणूक २०२७ मध्ये आहे आणि प्रायमरी जूनमध्ये होते. प्रतिनिधिगृहाच्या उमेदवाराला मतदारसंघातील १२५ आणि सिनेटच्या उमेदवाराला २५० पात्र मतदारांच्या सह्या लागतात. प्रतिनिधीचा मतदारसंघ साधारण ८६ हजार लोकवस्तीचा असतो, तर सिनेटचा त्याच्या अडीचपट. आपल्याला पायी फिरून समजून घेता येईल असा प्रतिनिधिगृहाचाच. आता लगेच उमेदवारी जाहीर करू नका. आपल्या भागात जो कोणी सह्या गोळा करत असेल त्याच्याबरोबर चार शनिवार फिरा आणि मग ठरवा.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आमच्या काउंटीच्या पक्ष समितीला आज लिहिले. येत्या शनिवारी सकाळी दहा वाजता त्यांनी मला बोलावले आहे. सोबत त्यांची एक जुनी कार्यकर्ती असेल आणि पहिली काही दारे तीच ठोठावेल, असे त्यांनी कळवले आहे. जे घडेल ते इथे येऊन लिहीन.