पाण्यावर सोडलेले नेलपॉलिश उन्हाळ्यात लगेच आळते : मदत हवी आहे

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील राळेगावजवळच्या एका खेड्यात राहते. चुलत बहिणीचे लग्न वैशाखात आहे आणि तिच्या नखांवर पाण्यावरच्या नेलपॉलिशची नक्षी मीच घरी काढून द्यावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. वाटीभर पाण्यावर दोन-तीन रंगांचे थेंब एकात एक सोडायचे, टाचणीने ती वर्तुळे ओढून पाकळ्या काढायच्या आणि नख आडवे बुडवून नक्षी उचलायची, हे मला हिवाळ्यात चांगले साधत होते. आता मात्र पहिला थेंब छान पसरतो, पण तिसरा सोडेपर्यंत बाहेरच्या वर्तुळावर दुधासारखी साय धरते आणि टाचणी लावताच सगळा पापुद्रा गोळा होऊन तिला चिकटतो.

नेलपॉलिशमधील नायट्रोसेल्युलोज इथाइल व ब्युटाइल ॲसिटेटमध्ये विरघळलेले असते आणि ही द्रावके उडाली की पापुद्रा उरतो. तेव्हा पारा ४४ अंशांवर असताना ती झपाट्याने उडणार, हे उघड आहे. परंतु कूलर लावला, तर वाऱ्याने रंग वाटीच्या एका कडेला जमतात. माठाचे पाणी घेतले, तर थेंब पसरतच नाही, आणि छतावरच्या टाकीचे पाणी तर आधीच तापलेले असते. शिवाय आमचे बोरचे पाणी इतके जड आहे की भांड्यांवर पांढरा थर बसतो. पाणी नेमके कसे असावे आणि त्याच्या जडपणाचा काही परिणाम होतो का, हे कृपया कोणी सांगावे. आठवडी बाजारात कटलरीच्या दुकानात मिळणाऱ्या बाटल्या लवकर घट्ट होतात. त्यांत रिमूव्हर घातलेले चालेल का, हेही कळवावे.

प्रतिसाद :

ताई, पाणी साधारण २५ अंशांच्या आसपास असावे. माठाच्या पाण्यात थोडे साधे पाणी मिसळत जा आणि हाताला गारठा लागेनासा झाला की थांबा. काम पहाटे, ऊन चढण्यापूर्वी करा. कूलर आणि पंखा बंद ठेवा, पण खिडकी उघडी असू द्या, कारण या वाफा डोक्यात जातात आणि पेटही घेतात. त्यामुळे चूल किंवा दिवा जवळ नको.

जड पाण्यापेक्षा मला वाटीची शंका अधिक येते. जड पाण्यात साबण घातला की त्याचा चिकट मळ भांड्याला धरून राहतो आणि साबणाचा अंश पाण्याचा पृष्ठताण घटवतो. पृष्ठताण घटला की थेंब पसरत नाही. नवा कागदी कप आणि लग्नघरी येते तसे आरओच्या कॅनचे पाणी वापरून पाहा.

सगळ्या बाटल्यांची झाकणे आधीच सैल करून ठेवा, थेंब पाण्याला जवळजवळ टेकवून सोडा आणि टाचणी बाहेरच्या सुकलेल्या वर्तुळाला न लावता आतल्या वर्तुळापासून ओढा. ‘लवकर सुकणारे’ असे लिहिलेले रंग या कामी घेऊ नका. रिमूव्हर मुळीच घालू नका, त्याने पापुद्रा फाटतो. नेलपॉलिशचे थिनर वेगळे मिळते, त्याचे एक-दोन थेंब पुरतात. बोट पाण्यात असतानाच वरचा उरलेला पापुद्रा काडीने गोळा करा आणि मगच बोट बाहेर काढा. ते पाणी गुरांच्या टाक्यात जाऊ देऊ नका. नक्षी मात्र हळद आणि मेंदी झाल्यावरच काढा, कारण नक्षीखाली नखांवर लावलेल्या पांढऱ्या नेलपॉलिशच्या थरावर हळदीचा पिवळा डाग बसतो आणि तो पुसून जात नाही.