फोंड्याच्या बाजारातला इसवण (सुरमई) सुशीसाठी चालेल का?

फोंडेकरीण
मंडळी, जून लागल्यापासून आमच्याकडे लाइट गेली की 'सुशी गो' बाहेर निघतं. जपानी सुशीवरचा पत्त्यांचा खेळ आहे. हातातला एक पत्ता आपल्याला ठेवायचा, बाकीचे शेजाऱ्याला द्यायचे. आम्ही चौघं, म्हणजे प्रत्येकी 8 पत्ते. माणकीच्या (स्क्विडच्या) निगिरीला, म्हणजे भाताच्या मुटक्यावर बसवलेल्या तुकड्याला, 3 गुण, सामनला 2, अंड्याला 1. आधी वसाबी (झणझणीत जपानी चटणी) टाकून ठेवली असेल तर तिप्पट. धाकट्याला (वय 11) माणकीचे 9 मिळाले की तो सोफ्यावर चढून नाचतो.

आता त्याला खरी सुशी हवी. मागे एकदा किनाऱ्याकडच्या एका हॉटेलात नेलं होतं. मासा नखाएवढा, आणि बिल बघून आमचे हे म्हापसा येईपर्यंत गप्प! घरीच करावी म्हणते. इसवण कच्चा वापरला तर चालेल का?

रवाफ्राय
कच्चा इसवण? वहिनी, रवा लावून तव्यावर टाका आणि सांगा जपानी आहे म्हणून.
बाकी त्या पत्ते पुढे सरकवण्यामागे फिरत्या पट्ट्यावरची सुशी आहे. तो पट्टा शिराइशी नावाच्या हॉटेलवाल्याने बिअरच्या कारखान्यात बाटल्या सरकताना बघून काढला. 1958 साली, ओसाकाजवळ. बिअरमधून काहीतरी चांगलं निघतं, हे आमच्या घरी कोणी ऐकत नाही.

बोटीवरचा
ताई, कच्चा इसवण अजिबात नको. 12 वर्षं क्रूझवर काढली, शेवटची 4 सुशीच्या काउंटरवर. मासा ताजा असला की कच्चा चालतो, हा गैरसमज. जंत मरायला तो उणे 20 अंशांवर सलग 7 दिवस गोठलेला लागतो. घरचा फ्रीज दिवसातून वीसदा उघडतो, त्यात लाइट जाते हे तुम्हीच लिहिलंय. शिवाय पावसाळी मासेमारी बंदीमुळे 31 जुलैपर्यंत ट्रॉलर बंद. सामन तर जपानी लोकही पूर्वी कच्चा खात नसत, 1980च्या दशकात नॉर्वेने आपला सामन त्यांच्या गळी उतरवला.

मोठी सुंगटं (कोळंबी) घ्या. सालीसकट पोटाच्या बाजूने माडाचा हीर (झावळीची काडी) ओवा आणि मिठाच्या पाण्यात उकडा. मग सोला. सुंगट सरळ राहतं, नाहीतर कुशीवर झोपल्यासारखं वाकतं आणि भातावर बसत नाही. जपानातही ते बहुतेक शिजवूनच घालतात.

भात उकड्याचा नको, शीत शिताला धरत नाही. नवा आंबेमोहोर चालेल. गरम असतानाच परातीत काढून व्हिनेगर-साखर-मीठ शिंपडा आणि उलथन्याने कापत कापत फिरवा. शेजारी कोणीतरी वारा घालायला हवं. आपलं माडाचं व्हिनेगर कडक असतं, हात आखडता ठेवा. सुशी म्हणजे मुळात हा आंबट भातच, मासा नंतर. अंगाइतका कोमट असतानाच वळायचा.

आणि अंड्याला 1 गुण? हसलो. टोकियोत गिंझा भागातल्या एका तळघरात सुशीवाल्या जिरो ओनोंचं 10 खुर्च्यांचं दुकान आहे, 2014 साली ओबामा जेवले ते. त्यांच्यावर 2011 चा माहितीपट आहे. त्यात एक शिकाऊ 200 हून जास्त वेळा अंड्याची वडी करतो, तेव्हा कुठे ती पसंत पडते. आमचा शेफही नवख्याला अंड्यावरच जोखायचा. पातळ थर, गुंडाळी, पुन्हा तेलाचं बोट, पुन्हा थर. तपकिरी ठिपका दिसला की बादलीत.

फोंडेकरीण
दादा, केली! हीर परसातल्या माडाचे. पोराने पेपराने वारा घातला, थोडा भाताला आणि बराच मांजराला. सुंगटं छान सरळ राहिली. अंड्याला चौकोनी तवा नव्हता, घावनांच्या बिडावर केलं. पहिल्या तीन गुंडाळ्या सरळ सरळ आम्लेट, चौथी बरी. सासूबाईंनी एक खाऊन पाहिली, "शिळा भात वाटतो" म्हणाल्या आणि आणखी तीन खाल्ल्या.
उरलेला भात फ्रीजात ठेवला तो सकाळी खडीसारखा झालाय. फोडणी दिली तर चालेल?

बोटीवरचा
चालेल. साखर आहे त्यात, आच मंद ठेवा. लिंबू नको.