पहिल्या लाटेतला व्हीआर हेडसेट शेवटी कितीला पडला? (नाशिककरांसाठी अनुभव धागा)

धागाकर्ता

हौसेला मोल नसतं म्हणतात, पण मला इथे मोलच हवंय.

गेम खेळायला सुरुवातीच्या काळात व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवायचा, आभासी जग दाखवणारा) घेतलेले लोक नाशिकमध्ये फार नसतील. जे आहेत त्यांच्याकडे सांगण्यासारखं भरपूर असणार. खोक्यावरची किंमत सगळ्यांना ठाऊक आहे. मार्च २०१६ मध्ये ऑक्युलस रिफ्ट ५९९ डॉलरला आला, एप्रिलमध्ये एचटीसी व्हाइव्ह ७९९ डॉलरला. डॉलर तेव्हा ६६-६७ रुपयांच्या आसपास, म्हणजे अंदाजे चाळीस आणि त्रेपन्न हजार. कागदावर! रिफ्ट ज्या वीस देशांत आधी पाठवणार होते त्यांत भारत नव्हताच. व्हाइव्ह आपल्याकडे अधिकृतपणे २०१७ मध्ये आला, तो ९२,९९० रुपयांना.

खोक्याबाहेर काय काय गेलं ते लिहा. पीसी, ड्युटी, फर्निचर, घरच्यांचे टोमणे, पोटाचे हाल, सगळं चालेल. नुसतं 'भारी होतं' किंवा 'पैसे पाण्यात' लिहून पळू नका, हिशोब मांडा. दुकानदार आणि कुरियरवाल्यांची नावं टाळा, मागच्या धाग्यावर त्यावरून भांडणं झाली होती.

सातपूर_सेकंड_शिफ्ट

बहुतेक सगळ्यांत आधीचा मीच. २०१४ मध्ये ऑक्युलसचा डीके२ घेतला. तेव्हा गिऱ्हाइकांसाठीचा माल निघालाच नव्हता, हा डेव्हलपर लोकांसाठीचा संच होता, ३५० डॉलरचा. मी डेव्हलपर नाही, अंबडच्या एका कारखान्यात पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारे छोटे कॉम्प्युटर बघतो. पण ऑर्डर घेताना डिग्री कोणी विचारत नव्हतं.

मावसभाऊ न्यू जर्सीहून दिवाळीला येणार होता, त्याच्या बॅगेतून आला. त्याच वर्षी परदेशातून येणाऱ्यांची ड्युटी-फ्री मर्यादा ३५ हजारांवरून ४५ हजार झाली होती, त्यामुळे विमानतळावर काही भरावं लागलं नाही. वहिनींनी मात्र ऐकवलं, की भावजींच्या डबड्यापायी माझी अर्धी खरेदी तिकडेच राहिली. त्याची भरपाई पैठणीत झाली. येवला इतकं जवळ असण्याचा हा तोटा. पैठणी धरली तर डीके२ मला जवळजवळ दुप्पट भावाने पडला.

आता पीसी. माझ्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप होत्या, एक साधी इंटेलची आणि एक एनव्हिडियाची. हेडसेटची जोडणी थेट मोठ्या चिपला लागते आणि अशा लॅपटॉपचं एचडीएमआय (बाहेरचा पडदा जोडायचं तोंड) बहुतेक वेळा साध्या चिपमधून निघतं. म्हणून डेस्कटॉप जुळवला, अठ्ठेचाळीस हजार. एवढं करून चित्र कसं, तर डासांच्या जाळीतून बाहेर बघतोय तसं. एका डोळ्याला ९६० बाय १०८० ठिपके, भिंगातून मोठे केलेले, मग मधल्या काळ्या रेघा दिसणारच.

वेळेचा खर्च वेगळाच. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की जुने डेमो बंद पडायचे. रात्री पाळीवरून यायचं, ड्रायव्हरशी झटायचं आणि दहा मिनिटं रोलर कोस्टरमध्ये बसून झोपायचं. बायको म्हणायची, यापेक्षा जत्रेतला पाळणा स्वस्त. पण पहिल्यांदा कड्यावर उभं राहून खाली बघितलं तेव्हा गुडघ्यांत जे झालं, ते मी कुठल्याच रकान्यात टाकलेलं नाही.

सिडको_त्रिमूर्ती

आम्ही गरिबांचे व्हीआरवाले. गुगलने २०१४ मध्ये कार्डबोर्ड काढला, वर्षभरात रविवार कारंजापासून सगळीकडे पुठ्ठ्याचे डबे मिळायला लागले. मी अडीचशेला घेतला. घरी आणून फोन घातला, डोकं फिरवलं, चित्र जागच्या जागी. डबा बदलून आणला. तेच.

मग इंजिनीअरिंगच्या एका सीनियरने सांगितलं की डोकं कुठे वळलं हे फोनमधल्या जायरोस्कोपवरून कळतं आणि स्वस्तातल्या फोनांत तो नसतोच. माझा फोन साडेसहा हजारांचा. मग जायरो असलेला घेतला, साडेतेरा हजार. त्यावर डब्याचं लोहचुंबकाचं बटण चालेना, कारण चुंबक ओळखणारा सेन्सर प्रत्येक फोनमध्ये वेगळ्या जागी. बटणाऐवजी पडद्याला टेकणारी पट्टी असलेला पुढचा डबा घेतला, अजून तीनशे.

थोडक्यात, अडीचशेची वस्तू चौदा हजारांना पडली. फोन मात्र नंतर चार वर्षं चालला, म्हणून तक्रार नाही.

धागाकर्ता

@सिडको_त्रिमूर्ती, हे अगदी खरं. सॅमसंगचा गिअर व्हीआरही ८,२०० चा दिसायचा, पण त्यात बसणारा फोन गॅलॅक्सी एस६ किंवा त्याच्या बरोबरीचा लागायचा. स्वस्त वस्तूच्या खिशात महाग वस्तू.

गंगापूररोड_तिसरा_मजला

९२,९९० वाला मीच. लांबलचक लिहितोय, धीर धरा.

हेडसेट घ्यायच्या आधी पीसी. मान्य केलेली किमान पातळी जीटीएक्स ९७० कार्ड, आय५ चा चौथ्या पिढीचा प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम. मला सेकंदाला ९० चित्रांचा वेग पडू द्यायचा नव्हता म्हणून पुढचं १०६० कार्ड ठरवलं. नेमका २०१७ चा उन्हाळा. इथेरियम या डिजिटल चलनाचं कॉम्प्युटरवर 'खाणकाम' करणाऱ्यांनी जगभरची ग्राफिक्स कार्डं उचलली होती. एमजी रोडवर एका दुकानात कोटेशन घेतलं, चार दिवसांनी गेलो तर त्याच कार्डाचे आठ हजार वाढले होते. दुकानदार म्हणे, साहेब उद्या आलात तर हेही नसेल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला फोन केला, तिथेही तेच. घेतलं. पीसी सगळा मिळून ब्याऐंशी हजार.

मग जागा. फिरून खेळायचं तर कमीत कमी २ मीटर बाय दीड मीटर मोकळं हवं. आमचा हॉल मोठा आहे, पण मोकळा कधीच नव्हता. दिवाण सरकवला, टीपॉय बाल्कनीत. तरी खेळता खेळता सगळं जग अचानक हातभर बाजूला सरकायचं. कारण कळायला वेळ लागला. व्हाइव्हची दोन बेस स्टेशनं कोपऱ्यांत उंचावर बसवतात, ती खोलीभर न दिसणारे लेझर फिरवतात आणि हेडसेट त्यावरून आपली जागा काढतो. आमच्या सागवानी शोकेसला पाठीमागे आरसा! किरण आरशावरून परत येणार आणि हेडसेटचा गोंधळ होणार. चादर टाकली. पाहुणे आले की काढायची, गेले की टाकायची. शेवटी बाबाच वैतागले आणि शोकेस काकांकडे मखमलाबादला गेली. टेम्पोचे आठशे, आणि आईचा अबोला.

त्यानंतर पंखा. भिंत जवळ आली की व्हाइव्ह निळं जाळं दाखवतो, डोक्यावरच्या पंख्याबद्दल त्याला काहीच माहीत नसतं. तिरंदाजीच्या खेळात पाठीवरून बाण काढायला हात वर जातो. एकदा कंट्रोलर पात्याला चाटून गेला आणि त्यानंतर पंखा बंद ठेवून खेळायचं असं ठरलं. मे महिना. हेडसेटच्या आत भिंगांवर वाफ. मग एसी लावला, छत्तीस हजार. हा एसी व्हीआरच्या हिशोबात धरायचा की नाही यावर घरात अजून एकमत नाही. मी धरत नाही, बायको धरते.

तिच्या पद्धतीने दोन लाख बारा हजारांच्या आसपास जातं. एवढ्यात सेकंडहँड गाडी आली असती, हे मला प्रत्येक नातेवाइकाने स्वतःचा शोध असल्यासारखं सांगितलंय.

त्या दिवाळीत सोसायटीतली झाडून सगळी पोरं आमच्याकडे. सत्तरीच्या साने आजोबांना, नाव बदललंय, समुद्राच्या तळाशी उभं केलं, देवमासा जवळून गेला. हेडसेट काढल्यावर ते बराच वेळ हात पुढे करूनच बसले होते. मग म्हणाले, परत लाव.

कॉलेजरोड_माजी_कॅफेवाला

तुम्ही हौशी, मी धंदेवाला. गेमिंग कॅफेत एक कोपरा व्हीआरचा केला होता, दहा मिनिटांचे शंभर रुपये. शनिवार-रविवारी रांग लागायची, सोमवार ते गुरुवार माशा.

धंद्यात पहिल्यांदा खाल्लं ते स्पंजने. चेहऱ्याला लागतो तो फोम घामाने आठवड्यात वास मारायला लागतो. धुता येणारी कव्हरं, पुसायला ओले टिश्यू, वरून प्रत्येकाला कागदी मास्क. पोरं टी-शर्टने भिंगं पुसायची, ती प्लॅस्टिकची, ओरखडे पडले की गेले. घरी खेळायला घेतलेल्या गेमचं लायसन्स दुकानात चालत नाही, धंद्यासाठी वेगळं घ्यावं लागतं आणि ते खेळलेल्या वेळावर पैसे मागतं. हे सुरुवात करताना कोणी सांगत नाही.

आणि मळमळ. ज्यांना कसारा घाटात गाडी लागते त्यांना मी आधीच विचारायचो, कारण शरीर उभं आणि डोळे धावतायत असं झालं की पोट बंड करतं. विचारूनही लोक खोटं बोलायचे. मैत्रिणीसमोर कोण कबूल करणार? काउंटरवर आलेपाक आणि बादली दोन्ही ठेवलेले असायचे. रेसिंगचे आणि विमानाचे खेळ मी नवख्यांना देणंच बंद केलं.

मांडलेले पैसे साधारण निघाले होते, नफा दिसायला लागला आणि मार्च २०२० आला. चेहऱ्यावर लावायची वस्तू भाड्याने देण्याचा धंदा त्यानंतर कोण करणार होतं?

देवळाली_कॅम्प

प्लेस्टेशन व्हीआर, सोनीच्या गेम कन्सोलला जोडायचा. पीसीची कटकट नाही म्हणून घेतला. ३९९ डॉलर म्हणताना कॅमेरा त्यात नव्हता, तो वेगळा. हातात धरायच्या मूव्ह कंट्रोलरची जोडी वेगळी आणि इथे सहज मिळेना, पुण्याहून मागवली. नंतर घरी एचडीआर (जास्त उजळ-गडद चित्राचा) टीव्ही आला, तर पहिल्या मॉडेलची कन्सोल आणि टीव्हीच्या मधली पेटी एचडीआर पुढे जाऊच देत नाही. साधा गेम खेळायचा तर केबल काढा, व्हीआर खेळायचा तर लावा. तरी पुठ्ठ्याचा डबा सोडला तर या धाग्यावर सगळ्यांत कमी खर्च माझाच दिसतोय. समाधानी आहे.

पंचवटी_ताई

आमच्याकडचा खर्च भावाच्या हेडसेटचा. वास येतो म्हणून आईने गच्चीवर ऊन दाखवायला ठेवला. त्याच दिवशी कुरडया वाळत होत्या, त्यांच्याच शेजारी. वर भिंगं, सूर्य डोक्यावर. त्या भिंगांतून ऊन एका बिंदूवर जमतं आणि आतला पडदा जळतो. डाव्या डोळ्यासमोर पिवळट डाग कायमचा राहिला.

सूचना पुस्तिकेत लिहिलेलं असतं म्हणे. ती इंग्रजीत, आणि आमच्या घरी वस्तू उन्हात टाकायला पुस्तिका कोण वाचतं? भाऊ दोन दिवस जेवला नाही. आई म्हणाली, गादी, गोधडी, लोणच्याची बरणी सगळ्याला ऊन चालतं, एवढं महागाचं आणि याला ऊन चालत नाही?

पंचवटी_एक्स्प्रेस_पासधारक

रोज गाडीत बसून हेच सगळं वाचायचो तेव्हा, आणि थांबलो. २०२० मध्ये क्वेस्ट २ आला, २९९ डॉलर. पीसी नको, भिंतीवर काही ठोकायला नको, वायर नाही. दुबईहून मित्राने आणला, पंचवीसच्या आत. तुम्ही लोकांनी आधी पैसे ओतले म्हणून मला स्वस्तात मिळाला, त्याबद्दल आभार.

गंगापूररोड_तिसरा_मजला

@पासधारक, आभार स्वीकारले. पण २०१७ मध्ये मुलगा आठ वर्षांचा होता. तू घेतलास तेव्हा तो बाबांबरोबर खेळायच्या वयातून बाहेर पडला होता. हा रकाना तुझ्या हिशोबात येणार नाही.

पंचवटी_एक्स्प्रेस_पासधारक

मान्य. एसी मात्र मी वहिनींच्याच बाजूने धरतो.

ओझर_नवखा

वाचतोय. मला एका ओळखीतून जुना व्हाइव्ह मिळतोय, पहिला मॉडेल, सगळ्या सामानासकट अठरा हजार सांगतोय. घ्यावा का? पीसी आहे.

कॉलेजरोड_माजी_कॅफेवाला

अठरा जास्त आहेत. बघायला जाशील तेव्हा बेस स्टेशनं दोन्ही चालू करून अर्धा तास ठेव, आतली मोटर आवाज करत असेल तर सोड. पहिल्या व्हाइव्हला नवी २.० ची बेस स्टेशनं चालत नाहीत, जुनीच शोधावी लागतात. केबल हलवून बघ, चित्र जाता कामा नये. भिंगं बोटाने नको, मोबाइलच्या उजेडात तिरकी धरून बघ.

धागाकर्ता

आणि तो खरंच व्हाइव्हच आहे ना, खोकं बघ. त्याच सुमाराचे विंडोज मिक्स्ड रिॲलिटीचे हेडसेटही लोक 'जुना व्हीआर' म्हणून विकतात. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०२३ मध्ये ते बंद करायचं जाहीर केलं आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून काढूनही टाकलं.

ओझर_नवखा

व्हाइव्हच आहे, फोटो पाठवलाय त्याने. बारा म्हणून बघतो.

गंगापूररोड_तिसरा_मजला

हॉलमध्ये आरसा आहे का?