द अनटचेबल्स : कपोनला आत टाकलं हिशेबवाल्यांनी, श्रेय गेलं बंदूकवाल्यांना

दुपारचा_शो
ब्रायन डी पाल्माचा द अनटचेबल्स (१९८७) काल परत बघितला आणि परत तीच चिडचिड झाली. दारूबंदीतलं शिकागो, अल कपोनचं राज्य आणि त्याला धरायला आलेला सरळमार्गी ऑफिसर इलियट नेस. पिक्चर देखणा आहे, शॉन कॉनरीचं ऑस्कर तर शंभर टक्के हक्काचं. पण कपोनला खरंच ज्यांनी आत टाकलं ते यात कुठेच नाहीत. ट्रेझरी खात्यातला फ्रँक विल्सन महिनोनमहिने कागद उपसत बसला होता, १९२६ च्या धाडीत जप्त झालेल्या सिसेरोच्या जुगारअड्ड्याच्या वह्या त्याला सापडल्या, मग त्यातलं अक्षर कोणाचं हे शोधत शोधत तो लेस्ली शमवे नावाच्या हिशेबनिसापर्यंत पोचला आणि त्याला साक्षीला उभं केलं. ऑक्टोबर १९३१ मधे कपोनला ११ वर्षांची शिक्षा झाली ती टॅक्स बुडवला म्हणून. नेसच्या टीमच्या पुराव्यावरून दारूबंदी मोडल्याचे ५००० आरोप ठेवले होते, ते खटल्यापर्यंत आलेच नाहीत. मग हिरो कोण?

रेवती_के
अहो पण वॉलेस आहे की! तो चष्मेवाला अकाउंटंट. टॅक्सचा मुद्दा पिक्चरमधे तोच काढतो, आणि कोणी ऐकत नसताना काढतो. लिफ्टमधे त्याला मारतात तेव्हा मला सगळ्यात जास्त लागलं. त्यामुळे 'कुठेच नाहीत' हे काही पटलं नाही.

बाल्कनी
+१ रेवती. आणि वह्या तपासणारा माणूस दोन तास कोण बघणार? कपोनचा हिशेबनीस डी पाल्माने युनियन स्टेशनच्या जिन्यावर आणून ठेवला आणि काय केलं बघा. ती बाई बाबागाडी एकेक पायरी वर ओढतेय, नेस घड्याळाकडे बघतोय, मदत करावी तर पकडायची माणसं निसटतील, न करावी तर मूल मधे. शेवटी तो खाली उतरून गाडीला हात लावतो आणि तेवढ्यात गोळीबार सुरू. वर मोरिकोनेचं ते अंगाईसारखं म्युझिक. १९२५ च्या बॅटलशिप पोटेमकिन या मूकपटातल्या ओडेसाच्या पायऱ्यांवरच्या बाबागाडीच्या सीनला केलेला सलाम आहे तो. इतिहास हवा तर पुस्तकं आहेत ना.

दुपारचा_शो
जिन्याबद्दल वादच नाही. माझा राग कोर्टाच्या सीनवर आहे. खऱ्या खटल्यात ज्युरी फोडायचा प्लॅन आधीच कळला होता आणि जज विल्करसनने सुनावणी सुरू होतानाच सगळं पॅनल दुसऱ्या कोर्टाबरोबर बदलून टाकलं. म्हणजे एक माणूस आपल्या खुर्चीत बसून ठामपणे नियमात राहून वागला. पिक्चरमधे काय, तर नेस जजला जाऊन खोटंच सांगतो की तुमचं नाव कपोनच्या लाचेच्या वहीत आहे, आणि घाबरून जज ज्युरी बदलतो! सरळ माणसाला लाचखाऊ दाखवलं आणि खोटं बोलणाऱ्याला हिरो. कपोनचा उजवा हात निट्टी, त्याचंही तेच, नेस त्याला गच्चीवरून ढकलून देतो. खरा निट्टी १९४३ मधे स्वतःच्या हाताने मेला.

रेवती_के
तोच तर पिक्चरचा विषय आहे हो! सुरुवातीचा नेस कायद्याच्या बाहेर एक पाऊल टाकायला तयार नसतो. मेलोन, म्हणजे कॉनरीचा तो म्हातारा पोलीस, त्याला चर्चमधे बसवून विचारतो, तू कुठपर्यंत जाशील? शेवटी नेस स्वतः कबूल करतो की मी शपथ मोडली, ज्यांच्याशी लढलो तसाच झालो. डेव्हिड मॅमेटने हे लिहिलंय ते समजून उमजून.

दुपारचा_शो
कबूल करतो, पण त्याच दमात म्हणतो की केलं ते बरोबरच केलं, आणि पिक्चर त्याची पाठ थोपटतो. किंमत काय मोजली त्याने? काहीच नाही. मेले ते मेलोन आणि वॉलेस.

नंदू_पेठकर
दोघंही दारूबंदीबद्दल बोलतच नाही आहात. आपल्याकडे मुंबईत १९४९ चा कायदा आला आणि हातभट्टीवाल्यांची चांदी झाली, वरदराजनसारखे डॉन त्यातूनच मोठे झाले. लोकांना दारू हवी असते म्हणून टोळ्या पोसल्या जातात, हे पिक्चरला सांगताच आलेलं नाही. सगळा दोष एकट्या कपोनच्या डोक्यावर.

बाल्कनी
पेठकर, पहिली धाड आठवा. मेलोन त्यांना नेतो कुठे, तर पोलीस ठाण्याजवळच्या पोस्टात! आणि म्हणतो, दारू कुठे आहे हे सगळ्यांना माहीत आहे, कपोनशी पंगा घ्यायला कोणी तयार नाही एवढंच. अजून काय सांगायला हवं? आणि सुरुवातीला न्हाव्याच्या खुर्चीत पसरून कपोन पत्रकारांना काय ऐकवतो? बोटीवर असली की चोरटी दारू, बड्यांच्या घरी तीच दिली की पाहुणचार.

नंदू_पेठकर
ते कपोनच्या तोंडी आहे, म्हणून तर आपण ते व्हिलनची मखलाशी समजून सोडून देतो. हीच गोष्ट पिणाऱ्या एखाद्या साध्या शिकागोकराच्या तोंडून यायला हवी होती, आणि तसा एकही माणूस त्यात नाही. असेल तर सीन सांगा, परत बघतो.