३,१०० मीटर उंचीवर, बर्फाच्या कच्च्या वाटेवर सुझुकी कॅरी: गाडीची उंची वाढवावी की आधी इंजिन पाहावे?

हिमवाट (कोलोरॅडो)

सर्वांना नमस्कार. आम्ही लेडव्हिलजवळ सुमारे ३,१०० मीटर उंचीवर राहतो. गेल्या वर्षी मी जपानहून आयात झालेला १९९६ सालचा सुझुकी कॅरी हा मिनी ट्रक घेतला. इंजिन एफ-६-ए जातीचे, ६५७ सीसीचे, तीन सिलिंडरचे आणि कार्बोरेटरवर चालणारे आहे. फोर-व्हील ड्राइव्ह आहे आणि लो रेंजही (कमी वेगाचे, जास्त जोराचे गिअर) आहे. पंचवीस वर्षांहून जुनी गाडी आयात करू देणाऱ्या अमेरिकी नियमात बसत असल्याने आयातीचा प्रश्न मिटलेला आहे, त्यामुळे त्याविषयी विचारणे नाही.

मुख्य रस्त्यापासून घरापर्यंत तीन किलोमीटरची कच्ची वाट आहे. तिच्यावरचा बर्फ कोणी काढत नाही. जळाऊ लाकूड, गॅसच्या टाक्या आणि किराणा याच वाटेने आणावा लागतो. गेल्या हिवाळ्यात गाडी दोनदा रुतली; चढावर दम तुटतो, धूर काळा येतो आणि पहाटे ती सुरू होता होत नाही. इथल्या एका गॅरेजवाल्याने तीन इंच लिफ्ट (म्हणजे गाडी तेवढी उंच करणे) आणि २३ इंची टायर सुचवले आहेत. खर्च बराच आहे. तो करण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

कार्बोरेटर_कोथरूड (पुणे)

आपण सांगितलेली तीनही लक्षणे वाचल्यावर मला वाटते की लिफ्टचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. आपला एफ-६-ए आणि आपल्याकडच्या मारुती ८०० व ओम्नीतला ७९६ सीसीचा एफ-८-बी ही एकाच घराण्यातली इंजिने आहेत, त्यामुळे त्यांच्या खोडी मला परिचयाच्या आहेत.

३,१०० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे पाव हिश्शाने कमी असते. कार्बोरेटरला हे कळत नाही. तो पेट्रोल जवळजवळ पूर्वीसारखेच ओढत राहतो आणि पेट्रोल-हवेचे मिश्रण गरजेपेक्षा जाड (जास्त पेट्रोलचे) होते. काळा धूर, काजळलेले प्लग आणि चढावरचा तुटलेला दम हे त्याचेच परिणाम आहेत. विरळ हवेमुळे गेलेली ताकद परत मिळणार नाही, परंतु जाड मिश्रणामुळे वर आणखी जी वाया जाते ती नक्की मिळते. त्यासाठी मेन जेट (कार्बोरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा छिद्राचा भाग) एकेका क्रमांकाने लहान करत जा, दर वेळी चढावर गाडी चालवा आणि लगेच प्लग काढून त्याचा रंग पाहा. तो फिकट तपकिरी झाला की थांबा. इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) दोन-तीन अंश पुढे घेतल्यास या उंचीवर सहसा मानवते. जुना जेट मात्र जपून ठेवा. डेन्व्हरला, म्हणजे १,६०० मीटरवर, उतरून महामार्गावर बराच वेळ गाडी ताणायची असेल, तर लहान जेटने मिश्रण पातळ होऊन इंजिन तापेल.

आता २३ इंची टायरविषयी. मूळ १४५ आर १२ टायरचा व्यास साधारण साडेएकवीस इंच असतो. व्यास दीड इंचाने वाढला तरी जमिनीपासूनची उंची पाऊण इंचच वाढते, आणि सगळे गिअर मात्र सुमारे सात टक्क्यांनी लांब होतात. आधीच दमलेल्या इंजिनावर हे ओझे टाकणे मला योग्य वाटत नाही. तीन इंच लिफ्टने पुढच्या सीव्ही जॉइंटचा (चाके फिरवणाऱ्या दांड्याच्या वाकत्या सांध्याचा) कोन वाढतो, आणि त्यावरचे थंडीने कडक झालेले जुने रबरी बूट (आवरणे) मग लवकर फाटतात. शिवाय एवढ्या अरुंद गाडीचे गुरुत्वमध्य उचलले, तर आडव्या उतारावर ती कलंडण्याची भीती खरी आहे.

टायमिंग बेल्ट, पेट्रोलच्या नळ्या आणि हीटरचे होज कधी बदलले याची नोंद नसेल, तर हिवाळ्यापूर्वी ते सगळे बदलून घ्या.

सेवानिवृत्त_साताराकर

मी सैन्यात वाहन विभागात होतो आणि लडाखमध्ये दोन हिवाळे जिप्सी व मोठे ट्रक सांभाळले आहेत. वरच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त चेनविषयी (टायरवर चढवायच्या साखळ्यांविषयी) लिहितो, कारण बर्फात माणसाला घरी आणते ती चेन.

रिकाम्या कॅरीचे वजन सातशे किलोच्या आसपास असते, आणि इंजिन व चालक दोघेही पुढे असल्यामुळे मागची चाके हलकी पडून नुसती फिरतात. हौद्यात मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर शंभर ते दीडशे किलो वाळूच्या गोण्या ठेवा आणि घट्ट बांधा. सुटलेली गोणी ब्रेक लावताच पुढे सरकते. रुतल्यावर तीच वाळू चाकाखाली टाकता येते. चेन चारही चाकांना असावी. नुसत्या पुढच्या चाकांना चेन लावली तर उतरताना गाडीची मागची बाजू फिरून पुढे येते, आणि नुसत्या मागच्यांना लावली तर स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळच जाते. चेन चढाच्या पायथ्याशी, सपाटीवर लावावी. रुतल्यानंतर उतारावर आडवे पडून चेन लावणारी मुले मी पाहिली आहेत. ती वेळ स्वतःवर येऊ देऊ नका. मूळ मापाच्या टायरवर चेनला पुढच्या कमानीत जागा मिळते. मोठ्या टायरवर ती आतल्या भागांना घासेल. मोठा टायर नको म्हणण्याचे माझ्या दृष्टीने हे सर्वांत मोठे कारण आहे.

एक गोष्ट कृपा करून विसरू नका. गाडी बर्फात अडकली आणि उबेसाठी इंजिन चालू ठेवले, तर आधी सायलेन्सरचे तोंड फावड्याने मोकळे करा. तोंड बुजले की कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये येतो आणि त्याला वास नसतो.

साप्पोरो_मराठी

मी होक्काइदोमध्ये नोकरीनिमित्त राहतो. इथल्या शेतकऱ्यांकडे हेच छोटे ट्रक असतात आणि बहुतेकांवर मूळ मापाचेच, बर्फासाठीचे मऊ रबराचे टायर दिसतात. जपानमध्ये थंड प्रदेशासाठी गाड्यांची वेगळी रचना मिळते: मोठी बॅटरी, अधिक ताकदीची वायपर मोटर, अधिक तीव्र कूलंट. आपली गाडी उष्ण भागातून आली असेल, तर कूलंट आधी तपासा. ग्लायकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे असेल तर ते सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. रेडिएटरचे झाकणही नवे घ्या. आपल्या उंचीवर उघडे पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे झाकणाने दाब धरला नाही तर कडाक्याच्या थंडीतही चढावर गाडी उकळेल.

पहाटे सुरू होण्यासाठी इंजिन हीटर आणि ५-डब्ल्यू-३० किंवा त्याहून पातळ तेल वापरा. उणे १८ अंशांवर बॅटरीची ताकद जवळजवळ निम्मी होते. रात्री हँडब्रेक ओढू नका, तो गोठून बसतो. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला लाकडाची उटी लावा.

शिखरवाटा (डेन्व्हर)

थोडे वेगळे मत मांडतो. बर्फ गाडीच्या पोटापेक्षा उंच झाला की ती पोटावर टेकते आणि चेनही निरुपयोगी ठरते. म्हणून दीड इंचापर्यंतची माफक लिफ्ट, मागे पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये ठोकळे घालून व पुढे स्ट्रटवर स्पेसर लावून केलेली, मला चुकीची वाटत नाही. त्याहूनही उपयोगाचे म्हणजे दर पंधरा सेंटिमीटर बर्फ पडला की वाटेवरून गाडी एकदा नेऊन आणून तो दाबत राहणे, म्हणजे खाली घट्ट थर तयार होतो. टायरमधील हवा कच्च्या वाटेवर मी १५ पीएसआयपर्यंत उतरवतो. डेन्व्हरमध्ये भरलेली हवा तुमच्याकडे पोहोचेपर्यंत, तापमान सारखे असेल तर, सुमारे दोन पीएसआय जास्त दिसेल. मोजणी वरच करा. सुक्या डांबरावर मात्र फोर-व्हील ड्राइव्ह काढून टाका, कारण या गाडीला मधला डिफरन्शिअल (पुढच्या व मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नाही.

वाट तीस अंशांहून तीव्र उताराखालून जात असेल, तर निघण्यापूर्वी राज्याच्या हिमस्खलन केंद्राचा दैनंदिन अंदाज वाचत जा.

हिमवाट (कोलोरॅडो)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवड्यांनी परत लिहीत आहे. मेन जेट दोन क्रमांकांनी लहान केला. प्लग आता फिकट तपकिरी आहेत, काळा धूर थांबला आहे आणि ज्या चढावर पहिला गिअर लागत असे तिथे लो रेंजच्या दुसऱ्या गिअरमध्ये गाडी वर जाते. उघडल्यावर टायमिंग बेल्टला भेगा दिसल्या, तो बदलला. कूलंटमध्ये जवळजवळ नुसते पाणीच होते. १४५ आर १२ मापाचे बर्फाचे टायर आणि चेनच्या दोन जोड्या मागवल्या आहेत. लिफ्ट या हिवाळ्यात करणार नाही. साताराकर काकांनी सांगितल्याप्रमाणे वाळूच्या गोण्या बांधण्यासाठी हौद्याच्या तळाला चार कड्या वेल्ड करून घेतल्या आहेत, आणि फावडे चालकाच्या दारामागे, हात पोहोचेल असे लावले आहे.